दोघे बाहेर, दोघे आत

मी एक जुनी पितळी घंटा आहे. उंचीने वीतभर, वजनाने सव्वा किलो आणि आवाजाने, खोटे कशाला बोलू, अजूनही ठणठणीत. सध्या माझा मुक्काम कामगार युनियनच्या कचेरीतल्या लोखंडी कपाटावर असतो. एका बाजूला जुन्या ठरावांच्या फायली आहेत आणि दुसऱ्या बाजूला एक बंद पडलेला टेबलपंखा. पंखा माझ्याशी फारसा बोलत नाही. आपण विजेवर चालायचो, म्हणून आपण मोठे, असे त्याला वाटते. मग आता का चालत नाहीस, असे मी त्याला एकदाही विचारलेले नाही.

दाराला आता बटणाची बेल बसवली आहे. बटण दाबले की ती अंगावर खेकसते. मी कधी कुणावर खेकसले नाही. मी वाजले की माणसे उठून उभी राहायची, सदरा नीट करायची, पदर सारखा करायची. आता महिना महिना मला कुणाचा हात लागत नाही आणि माझ्या अंगावर धुळीचा थर चढतो. पण मित्रांनो, मी रडगाणे गायला बसलेली नाही. माझ्याजवळ सांगण्यासारखी एक गोष्ट आहे आणि ती सांगताना माझी छाती फुगते. घंटेची छाती फुगलेलीच असते म्हणा!

माझा जन्म बसगाड्या दुरुस्त करायच्या मोठ्या कारखान्यात झाला. गाडीच्या फिरत्या दांड्याभोवती एक पितळी नळी बसवतात, तिला बुश म्हणतात. दांडा झिजू नये म्हणून बिचारा बुश स्वतः झिजतो. असे झिजलेले पंचवीस-तीस बुश गोळा करून, ते वितळवून मला घडवले. साहेबांची लेखी परवानगी घेऊन, बरे का! मी चोरीच्या पितळेची नव्हे. मला ज्याने ओतले तो कारखान्यातला सर्वांत जुना ओतारी होता आणि युनियनचा पहिला अध्यक्षही तोच. त्याने साचा तयार केला, रस ओतला, आणि मी थंड होईपर्यंत तो बाजूला स्टूल टाकून बसून राहिला. मग कातारीने लेथवर माझी कड साफ केली. पहिल्यांदा मला वाजवले तेव्हा सगळ्या शेडमधले हातोडे थांबले, असे सांगतात. मी स्वतः तेव्हा फार घाबरले होते, त्यामुळे मला नीट आठवत नाही.

ओताऱ्याने मला उगीच हौस म्हणून ओतले नव्हते. युनियनमध्ये एका सभासदाने दुसऱ्याविरुद्ध तक्रार केली, तर ती ऐकायला तीन जणांची शिस्त समिती बसायची. अगदी पहिल्या तक्रारीच्या वेळीच तक्रार करणारा अर्धा तास आधी येऊन बसला आणि तिघांचे कान भरून मोकळा झाला. दुसरा वेळेवर आला, तोवर सगळे ठरल्यासारखेच होते. ओताऱ्याला ते फार लागले. त्याने भर सभेत सांगितले, "मी एक घंटा ओततो. ती वाजली की दोघांनी एकदम आत यायचं. समितीला आपापसात बोलायचं असलं की घंटा पुन्हा वाजेल आणि दोघांनी एकदम बाहेर जायचं. दोघं बाहेर, दोघं आत. एक आत आणि एक बाहेर, असं या खोलीत कधी होणार नाही."

तेव्हापासून मी समितीच्या टेबलावर राहू लागले. मला वाजवायचे काम युनियनच्या चिटणिसाकडे होते, कारण बैठकीचे इतिवृत्त लिहायला तो आत असायचाच. वर्षे गेली. ओतारी निवृत्त झाला, चिटणीस बदलले, टेबल बदलले. मी बदलले नाही. किती भांडणे ऐकली म्हणून सांगू! एका वेल्डरने दुसऱ्याचा चष्मा रागाने नाल्यात टाकला होता. एका ड्रायव्हरने शेडमध्ये झाडूवालीला नको ते शब्द वापरले होते आणि त्या सहा फुटी माणसाने टोपी काढून तिची माफी मागितली होती. निकाल कधी आवडायचा, कधी नाही. पण बाहेर पडताना माणसे म्हणायची, "ऐकून तरी घेतलं." ते ऐकले की माझे पितळ ऊन व्हायचे. कचेरी झाडणारी मावशी दर शनिवारी लिंबाची साल आणि राख लावून मला घासायची. घासताना म्हणायची, "हं, झाली बाईसाहेबांची अंघोळ." मी तेव्हा इतकी चमकायचे, की चिटणीस माझ्यात बघून भांग पाडायचा.

ही गोष्ट ज्याची, तो चिटणीस म्हणजे मला हाताळणारा चौथा. मनाने चांगला, अक्षर मोत्यासारखे, पण नाकावर माशी बसू न देणारा. समितीचा अध्यक्ष होता बॉडी शेडमधला म्हातारा सुतार. त्याला सगळे गुण्याकाका म्हणायचे. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचे सुताराचे हत्यार. काकांचे वागणे तसेच, जरासुद्धा तिरपे नाही. चोवीस वर्षे ते अध्यक्ष होते आणि चोवीस वर्षांत त्यांच्यावर कुणी बोट ठेवले नव्हते. हे ते स्वतःही अधूनमधून सांगायचे. समितीत आणखी दोघे होते, एक बॅटरीवाला आणि एक स्टोअरवाला. बॅटरीवाला गप्पिष्ट, स्टोअरवाला खोकणारा.

आणि मग ब्रेकताई. ती ब्रेक विभागातली फिटर. खरे नाव कार्डावर होते, पण तिला सगळा कारखाना ब्रेकताई म्हणायचा. तिच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा ब्रेक उतारावर लागला नाही, असे कधी झाले नव्हते. जीभही तशीच, वेळेवर लागणारी. या गोष्टीच्या महिनाभर आधी सर्वसाधारण सभेत चिटणीस मागच्या सभेचा वृत्तान्त रंगवून सांगत होता. ब्रेकताई उठून म्हणाली, "चिटणीस, लिहिलंय ते वाचा. गोष्ट नंतर सांगा." चारशे माणसे हसली. चिटणिसाचे कान लाल झाले आणि ते बरेच दिवस लालच राहिले.

त्यानंतर काहीच दिवसांनी युनियनने जादा काम बंद केले. मागण्या मान्य होईपर्यंत पाचच्या भोंग्यानंतर कुणी हत्याराला हात लावायचा नाही, असा ठराव झाला. सगळ्यांनी हात वर केले, ब्रेकताईनेही. आणि तिसऱ्याच दिवशी संध्याकाळी सातला चिटणिसाने तिला गाडीखालून बाहेर येताना पाहिले. हातात पाना, कपाळावर ग्रीस.

दुसऱ्या दिवशी चिटणिसाने तक्रार लिहून दिली. लढ्याचा ठराव मोडणे हा आमच्या नियमांत सर्वांत मोठा गुन्हा. त्याला शिक्षा सभासदत्व रद्द करण्यापर्यंत होऊ शकते. आणि आमच्या कारखान्यात युनियनचे कार्ड गेले की हजेरीच्या फळ्यावरचे नाव गेले, म्हणजे नोकरीच गेली. ब्रेकताईचे कार्ड एकोणीस वर्षांचे होते. घरी सासू, शाळेत जाणाऱ्या दोन मुली आणि कमावते हात तिचे दोनच.

सुनावणीच्या दिवशी चिटणिसाने मला वाजवले आणि ब्रेकताई आत आली. तोवर चिटणीस टेबलाच्या टोकाला आपल्या नेहमीच्या जागी वही उघडून बसला होता. त्याने उभे राहून आपली तक्रार वाचली आणि खाली बसून, आपणच काय म्हणालो ते सुंदर अक्षरात लिहून काढले. ब्रेकताई म्हणाली, "गाडीचे ब्रेक उघडून ठेवले होते. सकाळी पाचला ती रस्त्यावर जाणार होती. अर्धवट ब्रेकची गाडी मी सोडत नाही." गुण्याकाकांनी तिचे सगळे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, "ब्रेकताई, तुम्ही जरा बाहेर बसा. आम्हाला बोलायचंय."

ती उठली, बाहेर गेली आणि तिने दार ओढून घेतले.

मित्रांनो, आता नीट ऐका, कारण चूक इथे झाली. चिटणीस आतच राहिला. लबाडीने नाही, सवयीने! इतकी वर्षे चिटणीस आतच असायचा, वही त्याच्याकडे, घंटा त्याच्याकडे. पण आजवर कुठल्या चिटणिसाने स्वतः तक्रार केली नव्हती. आज तक्रार करणारा तोच होता, हे त्या खोलीत कुणाच्या डोक्यातच आले नाही. माझ्याही नाही. ज्या एका नियमासाठी मला ओतले, तो माझ्या डोळ्यांदेखत मोडला आणि मी टेबलावर ऐटीत उभी होते.

आत काय झाले ते मी शपथेवर सांगते. चिटणीस तक्रारीबद्दल एक अक्षर बोलला नाही. मावशीने चहा ठेवला. स्टोअरवाल्याला खोकल्याची उबळ आली, चिटणिसाने त्याला गरम पाण्याच्या गुळण्या करायला सांगितले. तिघांनी मिळून नियमाचे पान काढून दोनदा वाचले. "ठराव मोडला हे तीच सांगते," गुण्याकाका म्हणाले. "नियम आपण केला. आपल्या माणसाला एक आणि दुसऱ्याला एक, असं मला जमायचं नाही." दोघांनी मान डोलावली. चिटणीस खिडकीबाहेर बघत होता. मग वातावरण हलके करायला बॅटरीवाल्याने आपल्या सासऱ्यांच्या नव्या कवळीची गोष्ट काढली. सासरे पाहुण्यांसमोर जोरात शिंकले आणि कवळी थेट व्याह्यांच्या बशीत. चौघेही हसले. चिटणिसाचे हसणे सर्वांत मोठे. त्याचा आवाजच तसा आहे.

मग मी वाजले. ब्रेकताई आत आली आणि गुण्याकाकांनी निकाल वाचला, "सभासदत्व रद्द."

ती रडली नाही. तिने टेबलाकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "काका, मी बाहेर होते तेव्हा आत किती जण होते?"

"आम्ही तिघं."

"मग चहाचे ग्लास चार कसे?"

गुण्याकाकांनी ग्लास पाहिले. चारही रिकामे होते. "चिटणीस होते ना," ते म्हणाले. "घंटेसाठी. इतिवृत्तासाठी."

"आणि तक्रार कुणाची होती?"

चिटणिसाच्या हातातले पेन थांबले. मग तो उसळून म्हणाला, "मी एक शब्द बोललो नाही! विचारा यांना!"

"नसाल बोलला," ब्रेकताई म्हणाली. "मला कसं कळणार? मी बाहेर होते."

आता गुण्याकाकांचा पारा चढला. "चोवीस वर्षं मी या खुर्चीवर बसतोय. आजवर कुणी माझ्यावर संशय घेतला नाही!"

"तुम्ही वाकडं वागलात असं मी म्हणतच नाही, काका. मला काय दिसलं ते सांगते. बंद दार, चाळीस मिनिटं. एवढ्या वेळात तिघं बोलल्याचं ऐकू आलं नाही, पण चौघं हसल्याचं ऐकू आलं. अपिलाला आठ दिवस आहेत. कार्ड तोवर माझ्याकडे राहील." एवढे बोलून ती गेली.

त्या आठवड्यात कचेरीत कुणाचे कुणाशी धड बोलणे झाले नाही. गुण्याकाका रोज यायचे, खुर्चीवर बसायचे आणि माझ्याकडे टक लावून बघायचे. मला वाचा असती तर मी ओरडून सांगितले असते, की चिटणीस निर्दोष आहे, हसणे कवळीवर होते! मी आतल्या आत तडफडत होते. मग एके दुपारी माझ्या लक्षात आले, की मी सांगितले असते तरी काय उपयोग होता? मी तरी कुठे होते? आतच ना! आतल्यांची साक्ष आतल्यांनी द्यायची, आणि बाहेरच्या माणसाने मुकाट मान्य करायची. ओताऱ्याला नेमके हेच नको होते. इतकी वर्षे मी माझ्या आवाजाचा तोरा मिरवला आणि मी कशासाठी आहे तेच विसरले होते.

सहाव्या दिवशी मावशी केर काढत होती. गुण्याकाका स्वतःशीच पुटपुटले, "चोवीस वर्षं. आणि ही म्हणते..."

मावशीने झाडू थांबवला नाही. "काका, त्या बाहेरच्या बाकावर तुम्ही कधी बसलाय का हो?"

"मी कशाला बसू?"

"तेच म्हणते मी," मावशी म्हणाली आणि कोपऱ्यातला केर सुपलीत भरू लागली.

गुण्याकाकांनी दाराबाहेरच्या बाकाकडे पाहिले. मग त्यांनी बॅटरीवाला, स्टोअरवाला आणि चिटणीस अशा तिघांना बोलावून घेतले. म्हणाले, "तुम्ही आत बसा. काय वाटेल ते बोला. मी बाहेर बसतो." आणि हा साठीकडे झुकलेला माणूस बाहेर जाऊन बाकावर बसला. दार लागले. आतले तिघे एकमेकांची तोंडे बघू लागले. शेवटी बॅटरीवाल्याने कवळीचीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी थोडी वाढवून. तिघे हसले.

पाच मिनिटांत दार उघडले. गुण्याकाका उंबऱ्यावर उभे होते. चेहरा उतरला होता.

"कशावर हसलात?"

"सासऱ्यांच्या कवळीवर, काका. दुसरं काय!"

"मला वाटलं, माझ्यावर," गुण्याकाका म्हणाले. "मला माहीत होतं तुम्ही माझ्यावर हसणार नाही. मीच तुम्हाला बसवलं होतं. तरी वाटलं. आणि माझं तर काहीच जाणार नव्हतं, तिचं कार्ड जाणार होतं."

ते खुर्चीवर बसले नाहीत. उभ्यानेच कागद ओढला आणि लिहू लागले. चिटणीस कळवळून म्हणाला, "काका, पण आपण काही गैर केलं नाही. निकाल तोच बरोबर असेल तर?"

"असेल. बरोबर असेल तर दुसऱ्यांनाही तोच सापडेल. आपण काय केलं ते आपल्याला माहीत आहे. तिला जे दिसलं ते कुणालाही दिसलं असतं. हा निकाल रद्द. दुसऱ्या डेपोतले तीन सभासद बोलवा, तुम्हाला आणि तिला न ओळखणारे. नव्यानं सगळं ऐकू दे. मी त्यात नाही."

"तुम्ही का नाही?"

"माझं मत एकदा बनलंय. ते पुसून टाकलं असं मी म्हणेन, पण तिनं ते का मानावं?"

त्यांनी सही केली. मग मला उचलले आणि मावशीच्या हातात दिले. "आजपासून ही तुमच्याकडे. तुम्ही बाहेर बसायचं आणि आतून सांगितलं की वाजवायची. घंटेच्या निमित्तानं आता कुणी आत राहायला नको."

मित्रांनो, टेबलावरून उचलून दाराबाहेर नेल्यावर एखादीला अपमान वाटला असता. खरे सांगू? मला पहिल्यांदा आपण नीट उभ्या आहोत असे वाटले.

पंधरा दिवसांनी नवी समिती बसली. अध्यक्ष होती दुसऱ्या डेपोतली गाड्या रंगवणारी पेंटरबाई, नखांच्या कडांना अजून रंग लागलेला. गुण्याकाकांनी तिच्याकडे फक्त तक्रारीचा कागद दिला होता. जुना निकाल पाकिटात बंद होता. इतिवृत्त लिहायला तिने आपल्याबरोबर एक जण आणला होता. मावशीने मला वाजवले. चिटणीस आणि ब्रेकताई एकाच दारातून आत गेले, आणि दारात थोडी "तुम्ही आधी, तुम्ही आधी" अशी पंचाईत झाली.

दार उघडेच होते, त्यामुळे मला सगळे ऐकू येत होते. चिटणिसाने तक्रार सांगितली. ब्रेकताईने आपले म्हणणे सांगितले. मग पेंटरबाईने असा प्रश्न विचारला, जो पहिल्या वेळी कुणाला सुचलाच नव्हता.

"गाडीच्या स्टिअरिंगला 'गाडी बंद' अशी लाल पाटी अडकवता येते ना?"

"येते," ब्रेकताई म्हणाली.

"पाटी अडकवली तर सकाळी ती गाडी कुणी बाहेर काढतं?"

"नाही."

"मग पाचला पाटी अडकवून घरी का गेला नाहीत?"

मग ब्रेकताईचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा खाली. "सुचलंच नाही. एकोणीस वर्षांत काम अर्धवट टाकून मी कधी पाटी अडकवली नाही. मला त्याची लाज वाटते."

"आणि तुम्ही, चिटणीस? तुम्ही त्यांना गाडीखालून निघताना पाहिलंत. का थांबलात, असं तिथंच विचारलंत का?"

"नाही," चिटणीस म्हणाला. आणि कुणी विचारले नसताना पुढे म्हणाला, "सभेतलं मनात होतं. तक्रार मी तरीही केलीच असती. पण आधी विचारायला हवं होतं."

मावशीला आतून खूण झाली. मी वाजले आणि दोघे एकदम बाहेर आले. दार लागले. बाकावर एका टोकाला चिटणीस बसला, दुसऱ्या टोकाला ब्रेकताई. मावशीने मला मधोमध ठेवले आणि ती पाणी आणायला गेली. मी त्या दोघांच्या मध्ये उभी. इतकी वर्षे दाराआड जे चालते ते मी आतून पाहिले होते. बाहेर बसल्यावर तोच वेळ किती लांबतो, ते मला त्या दिवशी कळले. चिटणीस पायाचा अंगठा बुटात हलवत होता. ब्रेकताईने कार्ड पर्समधून काढले, पुसले आणि पुन्हा ठेवले.

इतक्यात आतून हसण्याचा आवाज आला.

दोघांनी एकदम दाराकडे पाहिले आणि मग एकमेकांकडे.

"कशावर हसले असतील?" चिटणीस म्हणाला.

"मला काय माहीत?" ब्रेकताई म्हणाली. "आता आपण दोघंही बाहेर."

चिटणिसाने घाम पुसला. "त्या दिवशी मी खरंच काही बोललो नव्हतो हो. बॅटरीवाल्याच्या सासऱ्यांची कवळी होती ती."

"कसली कवळी?"

त्याने सगळी गोष्ट सांगितली. शिंक, बशी, व्याही. ब्रेकताईचे ओठ हलायला लागले. तिने मान फिरवली. "हसवू नका, चिटणीस. मी अजून रागात आहे."

तेवढ्यात मावशी आली, आतून हाक आली आणि मी वाजले. दोघे आत गेले.

पेंटरबाईने निकाल वाचला. ब्रेकताईने ठराव मोडला, हे खरे. पाटी अडकवून घरी जाणे शक्य होते, म्हणून दोष तिचा. पण तिने मालकाच्या फायद्यासाठी काम केले नाही, लढा फोडायचा तिचा हेतू नव्हता. म्हणून लेखी ताकीद आणि सहा महिने युनियनच्या शाखा समितीत बसायला मनाई. सभासदत्व कायम.

"मान्य आहे का?" पेंटरबाईने विचारले. "नसेल तर अपील करता येतं."

मला वाटले, ती वाद घालेल. तिची जीभ मला ठाऊक होती. पण ती ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "मान्य. चूक माझी आहे. ताकीद माझ्या नावानं फळ्यावर लावा, मला चालेल."

बाहेर आल्यावर चिटणिसाने तिला हळूच विचारले, "पहिल्याच दिवशी आम्ही एवढीच शिक्षा दिली असती, तर मानली असती?"

ब्रेकताई थोडा विचार करून म्हणाली, "नसती. त्या दिवशी तुम्ही मला सोडून दिलं असतं, तरी मी मानलं नसतं. घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं असतं, की दया केली म्हणून." मग तिने कार्ड पर्समध्ये ठेवले आणि पाचचा भोंगा व्हायला वेळ होता म्हणून ती परत शेडकडे कामाला गेली.

गुण्याकाकांना पुढे कितीतरी जणांनी विचारले, की तुमचा निकाल फिरवला, तुम्हाला कमीपणा नाही वाटला? काका म्हणायचे, "फिरवला कुणी? मीच रद्द केला. चोवीस वर्षांत शेकड्यानं निकाल दिले, घरी कधी एकही सांगितला नाही. त्या दिवशी मात्र घरी गेलो आणि चप्पल काढायच्या आधी हिला हाक मारली."

मित्रांनो, मला रोज घासा, पुसा, असे मी म्हणत नाही. धुळीची आता मला सवय झाली आहे. माझे मागणे वेगळे आहे. तुमच्यापुढेही भांडणे येतील. वर्गात येतील, मैदानावर येतील, मोठे झाल्यावर कामाच्या जागी तर रोज येतील, आणि कधीतरी कुणाचे बरोबर, कुणाचे चूक, हे सांगायची वेळ तुमच्यावर येईल. तेव्हा आपले मन स्वच्छ आहे एवढ्यावर थांबू नका. तुमचे मन दाराबाहेर बसलेल्याला दिसत नाही. त्याला दार दिसते. म्हणून एकाला बाहेर पाठवलेत तर दुसऱ्यालाही पाठवा, आणि कधीतरी स्वतः उठून त्या बाकावर बसून या. तुमचा निकाल ज्याच्या विरुद्ध जाईल, त्यालाही तो मान ताठ ठेवून "मान्य" म्हणता आला पाहिजे. असे म्हणणारी एक बाई मी माझ्या या कानांनी ऐकली आहे.